कावळ्यासमोर कबूल केलेली बोट

भाऊसाहेब,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. रागावलेल्या माणसानं खोटं कशाला लिहावं? 'आदरणीय' तर हातून उतरेचना. तेव्हा नुसतं भाऊसाहेब. गोड मानून घ्या, नाहीतर नका घेऊ. आता तुम्ही माझं काय वाकडं करणार आहात?

तुमचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. पंगतीच्या आधी लोक तुमच्याविषयी दोन-दोन शब्द बोलले. बाजारातले व्यापारी बोलले, तुमचा न्हावीसुद्धा बोलला. "मास्तर, तुम्ही बोला," म्हणाले, तर मी वरणाची बादली उचलली आणि वाढायला निघून गेलो. म्हटलं, मी तोंड उघडलं तर श्राद्ध राहील बाजूला आणि मलकापुरात तमाशा होईल.

पण आता राहवत नाही. उद्या तुमचे चिरंजीव प्रशांत येणार आहेत. दिवाळीच्या सुटीत दोन्ही घरांनी मिळून बोटीनं जायचं की गाडी करून रस्त्यानं, ते त्याला उद्या सांगायचं आहे. वर्षभर नंदाताई घराबाहेर पडल्या नाहीत, त्यांना बाहेर काढायचं म्हणून ही सगळी धडपड. आणि परवा याच नंदाताई माझ्या ओसरीवर बसून जे बोलल्या, त्यानं माझं डोकं असं फिरलंय की दोन दिवस अन्न गोड लागत नाही. शोभा म्हणाली, "मनात ठिवून पित्त नोका वाढवू. लिहून टाका." म्हणून लिहितोय. शिव्या खरं तर तोंडावर द्यायच्या असतात, पण तुम्ही ती सोय ठेवली नाही.

तुम्ही थोरले साडू, मी धाकटा. तुमच्या नंदाताई आणि माझी शोभा सख्ख्या बहिणी. तुमचं मलकापुरात सरकी-ढेपेचं दुकान, मी मोताळ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माझ्या लग्नाच्या मांडवात तुम्ही सासऱ्यांना मोठ्यानं म्हणालात, "मास्तर पाह्यला का जवाई? बरं हाये. पगार कमी, सुट्ट्या जास्त." सगळा मांडव हसला. मीही हसलो. बाशिंग बांधलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

तेव्हा निदान आमच्याकडे येऊन दोन-दोन कप चहा प्यायचात. पुढं तुमचं गोडाऊन झालं आणि चहा बंद झाला. शोभा आलं ठेचून, दूध आटवून चहा करायची. तुम्ही कप उचलायचात, ओठाला लावल्यासारखं करायचात आणि ठेवून द्यायचात. "राहू दे व शोभे, मी बाहेर चहा घेत नाही." बाहेर? सख्ख्या मेव्हणीचं घर बाहेर? तुम्ही गेल्यावर ती तो भरलेला कप मोरीत ओतायची आणि म्हणायची, "गोडाऊनवाल्याईले आता आपला चहा खाली वाटते." पाणीसुद्धा प्यायचा नाहीत हो तुम्ही! शत्रूच्या घरी माणूस पाणी पितो.

आणि तुमची ती मोटरसायकल! कोणाचंही लग्न असो, वऱ्हाडाच्या गाडीत तुम्ही कधी बसलात? बीबी गावाला नंदाताईंच्या चुलत पुतण्याचं लग्न होतं. बीबी काय जवळ आहे? अर्धा जिल्हा तुडवून जायचं. आम्ही सगळे गाडीत मांडीला मांडी लावून, बायका गाणी म्हणताहेत, पोरं खिडकीतून ओकताहेत, मजा चाललीय. आणि तुम्ही वैशाखाच्या उन्हात एकटेच मोटरसायकलवर. पोचलात तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत उठली होती. मी विचारलं, "एवढा वेळ?" तर रुमालानं मान पुसत म्हणालात, "मास्तर, मानसानं राजासारखं एकटं यावं. मेंढरासारखं कायले?" मी त्या दिवशी तुमच्या शेजारी जेवायला बसलो नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल.

मग ती बोट आली आमच्या आयुष्यात.

कोण्या एजंटानं तुमच्या दुकानात एक गुळगुळीत रंगीत पुस्तक टाकलं. पांढरीशुभ्र बोट, इमारतीएवढी. ते पुस्तक तुम्ही गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंत. ढेप घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही दाखवायचात. बिचारा म्हशीच्या काळजीत, त्याला तुम्ही पोहायचा तलाव दाखवताय! मला तर किती वेळा दाखवलंत त्याची गणती नाही.

"सात मजले हायेत मास्तर! मुंबईहून निघते, गोव्याले जाते. वरते तलाव, खालते नाटक. अन् हे पाहा, खोलीतच समदं. खोलीले लागून संडास-बाथरूम. कोनाच्या बापाची वाट पाहा लागत नाही."

मी म्हणालो, "संडासासाठी एवढं समुद्रात कशाला जायचं भाऊसाहेब?"

दुकानातले हमाल हसले. तुमचा चेहरा खर्रकन उतरला. पुस्तक काचेखाली सरकवून तुम्ही म्हणालात, "तुमाले नाही कळायचं ते." मला वाटलं, आज पहिल्यांदा माझा विनोद तुम्हाला झोंबला. मी मोताळ्याला पोचेपर्यंत खूश होतो.

माझी सहल साधी होती. एक गाडी करायची, दोन्ही घरं तिच्यात कोंबायची आणि निघायचं. कोल्हापूरला देवीचं दर्शन घ्यायचं, घाट उतरून कोकणात जायचं, समुद्राच्या कडेकडेनं गावं बघत वर यायचं. ऊस दिसला तर रस प्यायचा. बाजार दिसला तर बायकांना सोडायचं आणि आपण झाडाखाली पेपर वाचत बसायचं. बोटीवर काय आहे हो? इकडं पाणी, तिकडं पाणी. पाणीच बघायचं तर नळगंगेचं धरण काय वाईट आहे? आणि आपली माणसं! ढेकूळ नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी घरी चला म्हणतील. दर उन्हाळ्यात मी हे सगळं मांडायचो आणि दर उन्हाळ्यात तुम्ही चार लोकांत माझा पोपट करायचात.

"मास्तरची ट्रिप म्हंजे शाळेची सहल! रांगेनं चला, खिडकीतून हात बाहेर काढू नोका! अन् लागली तं करंगळी वर करून इचारा लागीन, 'गुर्जी, जाऊ का?'"

करंगळी वर करून दाखवायचात. सगळं घर लोळायचं हसून. मी शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा बसून राहायचो.

एका वर्षी मात्र मी ऐकलं नाही. गाडीच आणून तुमच्या दारात उभी केली. आठवतं ना? नाही कसं आठवणार! चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शोभानं दशम्या केल्या होत्या, नंदाताईंनी चिवडा आणि मिरचीचा ठेचा बांधला होता. माझी मेघा तेव्हा कॉलेजात. तिनं समुद्र पाहिला नव्हता, पोरगी पहाटेपासून चपला घालून तयार. मी तुमच्यासाठी ड्रायव्हरशेजारची सीट राखली होती, त्यावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. तुम्ही आलात. पांढरा शर्ट, अंगाला अत्तर. दरवाज्यावर हात ठेवून ड्रायव्हरला विचारलंत, "पहिला थांबा कुठी रे?"

तो गडी ऐटीत म्हणाला, "एकदम औरंगाबाद, काका. मधात कुठीच नाही."

तुम्ही हात काढून घेतलात. "मी काय सरकीचं पोतं हाये का? इथी भरलं, तिथी उतरवलं! तुमी जा. मले दुकानात काम आलं."

मी हात जोडले. शोभानं जोडले. तुम्ही पाठ फिरवून चालायला लागलात. तुम्ही नाही म्हटल्यावर नंदाताई उतरल्या. नंदाताई उतरल्यावर शोभा उतरली, "ताई नाही तं मी बी नाही." मेघा कितीतरी वेळ एकटीच गाडीत बसून होती. शेवटी प्रशांतनं तिला हाताला धरून उतरवलं. दुपारी त्या दशम्या आम्ही तुमच्याच अंगणात खाल्ल्या. तुम्ही दुकानातून जेवायलासुद्धा आला नाहीत. त्यानंतर मी सहलीचं नाव काढणं सोडलं. मेघानं समुद्र पाहिला तो लग्नानंतर, नवऱ्याबरोबर. आपल्याबरोबर नाही.

तुम्ही ना बोटीनं नेलंत, ना रस्त्यानं जाऊ दिलंत. नंदाताईंचा अख्खा नकाशा म्हणजे मलकापूर ते मोताळा आणि मोताळा ते मलकापूर. आगगाडी दारावरून मुंबईला जाते, नागपूरला जाते, आणि त्या नुसती शिट्टी ऐकतात. मी तुम्हाला घमेंडखोर म्हणत होतो, पाठीमागं आणि तोंडावरही. आजही ते मागं घेत नाही, घाई करू नका.

मग तुम्ही आजारी पडलात. अकोल्याला नेलं. किडन्या गेल्या, एवढंच आम्हाला कळलं. मी भेटायला आलो तर नळ्या लावलेल्या अवस्थेत मला म्हणता, "मास्तर, बरा झालो का बोट पक्की." मी म्हटलं, "आधी बरे व्हा, मग बोटीनं जा नाहीतर विमानानं जा." हे आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या कोणाचं शेवटचं बोलणं असं असतं का? 'सांभाळा' म्हणतात, 'चुकलं-माकलं' म्हणतात. तुम्ही बोट म्हणालात!

आणि जाऊनही गप्प बसलात का? दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! बाभळीवर ओळीनं बसलेत, काव काव करताहेत, पण एक खाली उतरेल तर शपथ. डोक्यावर ऊन, पायाखाली रेती तापलेली. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राह्यली असंल. बोला." प्रशांत म्हणाला, "बाबा, दुकान इकनार नाही." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "आईले काही कमी पडू देनार नाही." नाही. तुमचे भाऊ म्हणाले, "वावराच्या बांधाचं भांडण मिटवतो." तरी नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. नंदाताईंनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांच्याकडे बघून माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "घ्या! नेतो बोटीनं! सगळ्याईले नेतो! आता तरी या एकदाचे!"

आणि आला की हो! बाभळीवरून सरळ खाली, भाताचा गोळा उचलला, गेला!

बायका रडायला लागल्या. प्रशांत माझ्या पाया पडला. लोक म्हणाले, "मास्तरनं सोडवलं भाऊसाहेबाले." मला मात्र त्या कावळ्याला खडा मारावासा वाटत होता. जिवंत होतात तोवर तुमच्याशी भांडता तरी येत होतं. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं? तुम्ही मरून जिंकलात, आणि तेही माझ्याच तोंडून.

वर्षभर मग एकच पालुपद. मी रस्त्याचं नाव काढलं की प्रशांत हळूच म्हणायचा, "मावसाजी, तुमी शब्द देल्ला ना." शोभा म्हणायची, "कावळ्याले देल्लेला शब्द मोडते का कोनी? वंशाले लागते." मी म्हणायचो, "अगं, नंदाताईंना माणसांत न्यायचंय, का समुद्रात नेऊन बसवायचंय? घरातल्या भिंती बघतात, तिथं पाणी बघतील." कोणी ऐकेना.

परवा प्रशांत नंदाताईंना घेऊन मोताळ्याला आला. मोबाइलवर बोट काढून बसला. कोणती खोली, खिडकीची की बिनखिडकीची, नंदाताईंची खोली सुनेशेजारी की समोर. मी तोंड फिरवून सुपारी कातरत होतो. शेवटी न राहवून म्हटलं, "अरे, ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना एकदा तरी विचारा. नंदाताई, तुम्ही सांगा. बोट का रस्ता?"

त्या लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बोट कायले? आता कोनाले लागते बोट?"

"म्हणजे?"

"बोट त्याईले लागत होती. मले नाही."

प्रशांतनं मोबाइल खाली ठेवला. त्या कोणाकडेही न बघता बोलत राहिल्या. "त्याईले घडीघडी जा लागे, मास्तर. लघवीले. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं. कधी कधी गेले तरी होत नसे, मंग घामाघूम होत. गोडाऊन बांधलं तवापासूनच सुरू झालतं. गाडीत लेकी, सुना, पोरीबाळी. किती डाव म्हनावं, थांबवा म्हून? त्या पुस्तकात खोलीले लागून संडास दिसला, तवापासून बोट धरून बसले. मले म्हने, नंदे, तिच्यात मले तुमच्याबरोबर जाता येईन."

शोभा म्हणाली, "काऊन नाही सांगतलं व ताई? मले तरी?"

"शपथ घातलती. पोराची. बाजारात नाव निघालं तं लोक हसतीन म्हने. डाक्टरले दाखवा म्हटलं तं दोन दोन दिवस बोलत नसत माह्याशी. अकोल्याचा डाक्टर काय म्हने, माहीत हाये? वेळेवर आनलं असतं तं गोळ्याईनं भागलं असतं. लय झालं तं लहानसं आपरेशन. तिकडे तुंबून तुंबून किडन्या गेल्या."

प्रशांतला हे आत्ताच कळत होतं. तो उठून अंगणात गेला आणि पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला. शोभा आत गेली. मी पाणी प्यायला गेलो तर चहाचं भांडं हातात घेऊन भिंतीला टेकून रडत होती. "म्या त्या चहावरून किती बोलली त्याईले," म्हणाली.

तेव्हा आता ऐका, भाऊसाहेब. चहा नाही, पाणी नाही, ते यासाठी! बीबीला उन्हात मोटरसायकलवर आलात ते यासाठी! वाटेत किती झाडं गाठलीत? ड्रायव्हर 'मधात कुठीच नाही' म्हणाला आणि तुमचा हात दरवाज्यावरून निघाला, तो यासाठी! आणि तोंडानं काय बोलत होतात? राजा! मेंढरं! सरकीचं पोतं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. घ्या तुमचे सव्वा लाख. मूठ झाकून ठेवलीत आणि जीव गेला की हो! ज्या दुखण्यानं गावातले निम्मे म्हातारे रात्री उठतात, त्याची लाज वाटून तुम्ही मेलात. कोण हसलं असतं? आणि हसलं असतं तर हसलं असतं! माणूस हसण्यानं मरत नाही. मला तुम्ही आयुष्यभर हसलात, मी आहे ना जिवंत?

अहो, मी मास्तर माणूस! दर वर्षी गाडीभर पोरं घेऊन सहलीला गेलेला माणूस. पोरानं करंगळी वर करायची आणि मी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारायची, दुसरं केलं काय मी जन्मभर? मोताळ्यापासून कोकणापर्यंत दर मैलाला गाडी थांबवली असती. तुमच्याबरोबर मी उतरलो असतो, प्रशांत उतरला असता, ड्रायव्हर उतरला असता. सगळ्या पुरुषांनी ओळीनं पाठ करून उभं राहायचं, कोणाला कळलं असतं कोणासाठी गाडी थांबली ते? तुम्हाला नुसती करंगळी वर करायची होती. ती तुम्ही माझी टर उडवायला चार लोकांत वर केलीत. मी एकटा असताना, खरीखुरी, एकदा वर करायला काय झालं होतं?

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. मी तुम्हाला घमेंडखोर म्हटलं, कारण तुम्ही तसं सोंग आणलंत. इतकं चोख आणलंत की सख्खी मेव्हणी फसली, साडू फसला, पोटचा पोरगा फसला. आता आम्ही हळहळायचं आणि तुम्ही वर आरामात बसायचं? जमणार नाही. मी रागावलेलोच राहणार. मला तुमच्याबरोबर जायचं होतं. मोठ्या बाता मारणारा, माझी टिंगल करणारा साडू ड्रायव्हरशेजारी बसलेला मला हवा होता, त्याशिवाय सहल कसली? ती तुम्ही खाल्लीत. तुमची नाही, माझी.

आता निकाल ऐका. मी नंदाताईंना पुन्हा विचारलं, सरळ सांगा, कुठं जायचं. लसणाची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "मले रस्त्यानं न्या, मास्तर. जिथी चहाची टपरी दिसंन तिथी थांबा. मी आजवर कोन्या टपरीवर बसून चहा नाही पेली." बस. रस्ता ठरला. उद्या प्रशांतला तेच सांगणार.

आणि शब्दाचं म्हणाल, तर मी शब्द मोडत नाही. मी काय म्हणालो होतो? 'नेतो बोटीनं.' किती मजल्यांची, किती दिवस, काही बोललो होतो? कोकणात खाडीवर अशी बोट असते की गाडीसकट माणसं पलीकडे नेते. आपली गाडी तिच्यावर चढवणार, नंदाताईंना कठड्याशी उभं करणार, चहा गार व्हायच्या आत पलीकडचा काठ. शोभानं विचारलं, "असं चालते का?" म्हटलं, "कावळ्यानं मजले विचारले होते का?" तिला चाललं. तुम्हाला नसेल चालत तर पुढच्या श्राद्धाला कावळा पाठवा, त्याच्याशी मी बघून घेईन.

एक सांगायचं राहिलं. मलाही हल्ली घडीघडी उठावं लागतं. शोभाला वाटायचं, मला झोप नाही. परवा तुमचं ऐकलं आणि काल सकाळी बुलढाण्याला जाऊन डॉक्टरपुढं बसलो. दवाखाना गच्च भरलेला होता आणि कंपाउंडरनं "काय त्रास?" असं खड्या आवाजात विचारलं. मीही वर्गात आवाज लावतो तसा लावून सांगितलं. दोन बाया पदराआड हसल्या. गोळ्या दिल्यात, सुरू केल्यात.

आणि हे वचन. दिवाळीनंतर गाडी तुमच्याच दारातून निघेल, मलकापूरहून. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी राहील, तिच्यावर टॉवेल अंथरलेला असेल. मेघा येतेय, तिचं पोरगंही येतंय. हो, शाळेचीच सहल! गाव सुटायच्या आत, गाडीतल्या लेकी-सुनांच्या देखत, पहिली करंगळी मी वर करीन. गाडी थांबेल. मी उतरीन, तुमच्या वाटणीचाही उतरीन, आणि झाडाआड उभा राहून तुम्हाला पोटभर शिव्या देईन. मग पुढं जाऊ.

तुमचा साडू, ज्याला तुम्ही एकदा इशारासुद्धा केला नाहीत,
मधुकर मास्तर
मोताळा